ए. बी. रोडवर तीन जुन्या मोटारी : एका प्रवासाची आखणी

इंदूर, देवास, शिवपुरी, ग्वाल्हेर या गावांतील मराठी घरांत 'ए. बी. रोड' हे शब्द दिवसातून दहादा उच्चारले जातात. दवाखाना ए. बी. रोडवर, मुलांचे महाविद्यालय ए. बी. रोडच्या पलीकडे, नव्या वसाहतीचा पत्ताही ए. बी. रोडचाच. या दोन अक्षरांच्या एका टोकाला आग्रा आणि दुसऱ्या टोकाला मुंबई आहे, हे मात्र आता सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्या रस्त्याच्या कडेने आपल्या तीन-चार पिढ्या नांदल्या, तो रस्ता सलग पाहिलेला माणूस घरोघरी शोधूनही सापडणे कठीण. मुंबईला जायचे तर आगगाडी आहे, विमान आहे. मोटारीने गेलो तरी गावांना वळसा घालून जाणारा चौपदरी मार्ग आहे. त्यावरून माणूस पोहोचतो, पण वाटेत काय होते ते त्याला सांगता येत नाही.

इंदूरच्या आम्ही तीन कुटुंबांनी येत्या हिवाळ्यात हा रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन जुन्या मोटारींतून पार करण्याचे योजिले आहे. प्रवास अद्याप व्हावयाचा आहे. तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे. आखणीचा वृत्तान्त आहे. परंतु गेले आठ महिने नकाशे पसरून आणि इंजिने उघडून बसल्यावर आमच्या असे लक्षात आले की, अशा प्रवासाचा निम्मा लाभ निघण्यापूर्वीच पदरात पडतो. तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गाड्या

'व्हिंटेज' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गवारीत १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या गाड्यांनाच हे नाव आहे. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांत मात्र पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी अथवा चारचाकी व्हिंटेज समजली जाते. पहिल्या व्याख्येने आमची एकच गाडी व्हिंटेज ठरते, दुसऱ्या व्याख्येने तिन्ही.

पहिली १९३० ची फोर्ड मॉडेल ए. चार सिलिंडर, सव्वातीन लिटरांचे इंजिन आणि अश्वशक्ती अवघी ४०. हिला पेट्रोलचा पंपच नाही. टाकी चालकाच्या पुढ्यात, इंजिनाहून उंचावर आहे. पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरते. स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन कळा आहेत. उजवीने इंजिनाचा वेग सांभाळायचा, डावीने ठिणगीची वेळ मागेपुढे करायची. आजच्या मोटारीत जे काम संगणक करतो ते येथे चालकाचा डावा हात करतो.

दुसरी १९५१ ची मॉरिस मायनर. इंजिन ९१८ सी. सी., अश्वशक्ती २७ च्या आसपास; आजच्या लहानशा मोटारीतही याच्या दुप्पट शक्ती सहज असते. वळताना हिच्या दाराजवळच्या खांबातून पिवळा दांडा बाहेर येतो, तो पाहून मुले टाळ्या पिटतात. तिसरी १९६६ ची फियाट डिलाइट, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. ती आमच्या गटातील एक भगिनी चालविणार आहेत. वडिलांच्या मांडीवर बसून ज्या गाडीचा भोंगा त्यांनी वाजविला, तीच ही गाडी.

या तिघींना बरोबर न्यायचे म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या तीन वडीलधाऱ्यांना यात्रेला नेण्यासारखेच होय. फियाट ताशी सत्तर किलोमीटरांनी सुखाने धावेल. पण चढावर चाल ठरेल ती मॉरिसच्या दमाची आणि उतारावर ठरेल ती फोर्डच्या ब्रेकची. सर्वांत दुबळ्या गाडीला जे झेपेल तेच सर्वांचे वेळापत्रक, हा पहिला नियम आम्ही ठरविला आणि पुढची सारी आखणी त्यातूनच निघाली.

रस्ता

उत्तरेतून दख्खनेत येणारी वाट फार जुनी. मोगल काळात आग्र्याहून धोलपूर, ग्वाल्हेर, नरवर, सिरोंज करीत काफिले बुऱ्हाणपुराकडे उतरत. आजचा आग्रा-मुंबई रस्ता एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अमदानीत पक्का झाला. त्याची दिशा शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास, इंदूर, सेंधवा, धुळे, नाशिक अशी आहे. स्वातंत्र्यानंतर त्याला 'राष्ट्रीय महामार्ग ३' हे नाव मिळाले. लांबी सुमारे १,१६० किलोमीटर. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक लागले आणि हा एकसंध रस्ता ४४, ४६, ५२, ६० अशा निरनिराळ्या क्रमांकांत वाटला गेला. कागदावर हा रस्ता तीन क्रमांकाचा महामार्ग उरला नाही. लोकांच्या तोंडी मात्र 'ए. बी. रोड' राहिला.

जुना रस्ता गावांच्या पोटातून जाई. नवा मार्ग गावांना बाहेरून वळसा घालतो. त्यामुळे जुना रस्ता आता तुकड्यातुकड्यांत शिल्लक आहे : कोठे गावाचा मुख्य बाजार म्हणून, कोठे शेतांमधली एकाकी पट्टी म्हणून. अशा तुकड्यांची नोंद आम्ही नकाशावर लाल शाईने केली आहे. जेथे शक्य तेथे गाड्या गावातून न्यायच्या, जेथे इलाज नाही तेथेच चौपदरी मार्गाला लागायचे. ताशी ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या मालट्रकांपुढे ताशी चाळीसने जाणारी फोर्ड हे दृश्य कौतुकाचे नसून धोक्याचे आहे. म्हणून डावी बाजू सोडायची नाही आणि सर्वांत मागे लुकलुकते दिवे लावलेली एक आधुनिक गाडी ठेवायची, असे ठरले आहे. फोर्डला वळण दाखविणारे दिवेच नाहीत. हाताने खुणा कराव्या लागतील आणि आजच्या किती चालकांना त्या कळतील, याची शंकाच आहे.

दिशा

सर्वाधिक वाद झाला तो निघावे कोठून यावर. रस्त्याच्या नावात आग्रा आधी. शिवाय ताजमहालापुढून निघून समुद्रापाशी पोहोचावे, ही कल्पनाही मोहक. आमच्यांतील बहुमत प्रथम तिकडेच होते. ते फिरविले उंच-सखल दाखविणाऱ्या एका नकाशाने.

या रस्त्यावर तीन मोठे घाट आहेत. कोकणातून देशावर चढविणारा कसाऱ्याचा घाट, खानदेशातून सातपुडा चढविणारा बिजासनचा घाट आणि नर्मदेच्या खोऱ्यातून माळव्याच्या पठारावर आणणारा मानपूरचा चढ. सह्याद्रीचा तुटलेला कडा पश्चिमेला आहे. येथे सातपुडा आणि विंध्य यांची उभी बाजू दक्षिणेला आहे. म्हणजे मुंबईहून उत्तरेकडे निघाले की तिन्ही उभ्या बाजू चढाव्या लागतात आणि पलीकडचा उतार बहुधा सौम्य मिळतो. आग्र्याहून निघाले तर तिन्ही उभ्या बाजू उतराव्या लागतात.

नव्या गाडीला दोन्ही सारखेच. जुन्या गाडीला नव्हे. चढ इंजिनाची परीक्षा घेतो, उतार ब्रेकची. इंजिन तापले तर गाडी बाजूला घेता येते, बॉनेट उघडून झाडाखाली अर्धा तास बसता येते, रेडिएटरात पाणी घालून पुन्हा निघता येते. ब्रेक तापून निकामी झाले तर बाजूला घेणेच हातात राहत नाही. फोर्डचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालत नाहीत. पायाखालच्या पट्टीपासून चारी चाकांपर्यंत लोखंडी गज गेलेले आहेत. धामनोदजवळच्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन आधुनिक ट्रकांचेही इतके अपघात झाले की तेथे पर्यायी मार्ग बांधावा लागला. तेथे १९३० च्या ब्रेकांनी उतरण्याचे धाडस आम्हांस करावयाचे नाही.

म्हणून तिन्ही गाड्या इंदूरहून ट्रकवर चढवून मुंबईला न्यायच्या आणि तेथून चालवीत उत्तरेकडे यायचे, असे ठरले. चालविण्यासाठी गाड्या, आणि त्या आधी ट्रकवर! शेजाऱ्यापाजाऱ्यांनी यथेच्छ थट्टा केली. त्या थट्टेचे उत्तर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी दिले. ते म्हणाले, "आपले पूर्वजही याच दिशेने आले. घाट चढूनच आले." शिंदे, होळकर, पवार आणि त्यांच्या मागोमाग आलेले कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई, शिलेदार यांच्या वाटा निरनिराळ्या असतील, पण तोंड उत्तरेकडेच होते. गाडीच्या ब्रेकने जी दिशा ठरविली तीच इतिहासाचीही निघाली, याचे आम्हां सर्वांना समाधान वाटले.

मुक्काम

प्रवास सोळा दिवसांचा आहे. त्यांपैकी बारा दिवस चालण्याचे, चार विश्रांतीचे. रोजची सरासरी शंभर किलोमीटर. हे ऐकून तरुण मंडळी हसतात; एवढे अंतर ते न्याहारी आणि जेवण यांच्या दरम्यान तोडतात. परंतु जुन्या गाडीचा दिवस लहान असतो. फोर्डचे दिवे सहा व्होल्टांचे, म्हणून अंधारात चालायचे नाही. सकाळी उजाडल्यावर निघायचे, दुपारी चारच्या आत मुक्काम गाठायचा. संध्याकाळ गाड्यांची : वंगण, नटबोल्ट, टायरांतील हवा, बॅटरीचे पाणी.

पहिल्या दिवशी पहाटे ठाणे सोडायचे आणि शंभर किलोमीटरांवरील इगतपुरीला थांबायचे. पायथ्याचे कसारा गाव समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरांवर, माथ्यावरचे इगतपुरी सहाशेच्या आसपास. मॉरिस हा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढेल. दुसऱ्या दिवशी फक्त नाशिक. वाटेत रस्त्यालगतच पांडवलेणी आहेत. तिसऱ्या दिवशी चांदवड, मालेगाव करीत धुळे. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे, धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा किल्ला. धुळ्यात एक दिवस विसावा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली तेथेच निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आहे. ज्यांनी गावोगाव पायपीट करून मराठ्यांची दप्तरे गोळा केली, त्यांच्या गावी न थांबता पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

पाचव्या दिवशी शिरपूरपुढे बिजासन चढून सेंधवा. सहाव्या दिवशी खलघाटला नर्मदा ओलांडायची आणि मुख्य रस्ता थोडा सोडून महेश्वर. सातव्या दिवशी मानपूरचा चढ, महू आणि इंदूर. महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. त्यापुढून नमस्कार न करता कोण जाईल? इंदूरला दोन दिवस. तेथे घर आहे आणि उघडलेले इंजिन निर्धास्तपणे पसरून ठेवता येईल अशी जागाही आहे.

पुढे शाजापूर, ब्यावरा, गुना असे तीन छोटे टप्पे. या गावांत पाहण्यासारखे काय, असे पुष्कळांनी विचारले. आमच्या मते हाच रस्त्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग. येथे जुना रस्ता अजून बाजारातून जातो आणि गाडी थांबली की माणसे आपण होऊन जवळ येतात. तेराव्या दिवशी शिवपुरी : शिंद्यांच्या छत्र्या, आणि १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोपे यांना जेथे फाशी दिले गेले ते स्थान. चौदाव्या दिवशी ग्वाल्हेर. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून आपली राजधानी येथे आणली. त्यांच्या छावणीचे 'लष्कर' हे नाव शहराला अजून चिकटून आहे. एक दिवस विश्रांती, मग चंबळ ओलांडून धोलपूरमार्गे आग्रा. तेथे ताजमहालापुढे गाड्या उभ्या करून छायाचित्र काढण्याचा मनोरथ सोडावा लागला. पेट्रोलच्या वाहनांना ताजच्या परिसरात मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे.

निघायचे नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात. उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, पावसाळ्यात ब्रेक भिजतात, आणि डिसेंबर संपता संपता ग्वाल्हेर, मुरैना, आग्रा भागात असे धुके पडते की पुढचा ट्रक दिसत नाही. या तिन्हींच्या मधली फट तेवढी आमची.

कागदपत्रे आणि पेट्रोल

हा प्रवास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांतून होतो. नोंदणी, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला ही कागदपत्रे सर्वांनाच लागतात. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला आणखी एक बंधन आहे. ती नेहमीच्या अथवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. अशा नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. ज्या वाचकांच्या वाड्यात जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल त्यांनी नोंदणीचा प्रकार ठरविण्यापूर्वी हे नियम वाचावेत. आम्ही प्रवास रॅलीच्या स्वरूपातच आखला असून वाटेतील जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना आगाऊ पत्रे पाठवीत आहोत. टोलनाक्यांसाठी फास्टॅग हवाच. फोर्डच्या सपाट काचेवर तो चिकटविताना आम्हां सर्वांनाच थोडे हसू आले.

पेट्रोलचा प्रश्न अधिक गहन. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल जुन्या रबराला फुगविते, पंपातील पडदे मऊ करते, हवेतील ओल शोषून घेते; ती ओल लोखंडी टाकीला गंज आणते. शिवाय त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या मापाच्या कार्बुरेटरमधून जाणारे मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. उपाय साधे आहेत, पण ते आधी करावयास हवेत : सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालणे, पंपाचे पडदे बदलून जादा जोड जवळ ठेवणे, कार्बुरेटरची छिद्रे जरा मोठी घेणे आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल न ठेवणे. फियाटच्या पंपावर ओले फडके ठेवण्याची जुनी युक्ती आहेच.

सामानाच्या यादीत फोर्डचे १९ इंची दोन जादा टायर आहेत, कारण ते कोणत्याही बाजारात मिळत नाहीत. मग पंख्याचे पट्टे, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, सहा व्होल्टांचे दिवे, तांब्याची तार, पाण्याचे डबे. आणि अर्थातच दशम्या, धपाटे व शेंगदाण्याची चटणी. कारण गाडी कोठे बसेल याचा नेम नाही आणि ती बसेल तेथे ढाबा असेलच असे नाही.

चालकाशेजारची जागा

या सर्व तयारीमागे एक माणूस आहे. वय शहात्तर. इंदूरमध्ये त्यांना सारे 'उस्ताद' म्हणतात. लांब पेचकसाचे एक टोक इंजिनावर आणि दुसरे कानापाशी धरून ते कोणत्या सिलिंडरचा काय आजार आहे ते सांगतात. पॉइंटांमधील अंतर मोजायला त्यांना करवतीच्या पात्याचा तुकडा पुरतो. मॉरिसचा विजेवर चालणारा पंप बंद पडला की त्यावर किती जोराने टिचकी मारायची, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. त्यांची दोन्ही मुले अन्य व्यवसायांत आहेत. गेल्या वीस वर्षांत त्यांच्याकडे शिकायला कोणी आलेले नाही.

मॉरिसचे मालक त्यांच्याहून वडील, एक्याऐंशीचे. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालविण्यास मनाई केली आहे. मुले परदेशी. गाडी विकावी, असे घरात जवळजवळ ठरले होते. एका हॉटेलच्या दर्शनी दालनात ती उभी राहणार होती. या प्रवासामुळे तो व्यवहार तूर्त थांबला आहे. प्रवासानंतर काय होईल ते आम्हांस सांगता येत नाही. परंतु जी गाडी चालते तिला घर मिळते आणि जी चालत नाही तिला दालन मिळते, एवढे आम्ही जाणून आहोत.

म्हणूनच आखणीतला शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय जागांविषयीचा आहे. प्रत्येक गाडीत चालकाशेजारची जागा पंचविशीच्या आतील एका तरुणासाठी अथवा तरुणीसाठी राखून ठेवली आहे. उस्ताद रोज एका गाडीत मागे बसतील. दोनदा क्लच दाबून गिअर कसा बदलावा, चढावर ठिणगी किती मागे घ्यावी, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये का उतरावे, हे सपाट रस्त्यावर प्रथम सांगितले जाईल आणि मग करून घेतले जाईल. संध्याकाळच्या दुरुस्तीत पाना या मुलांच्या हाती असेल. प्रत्येकाने रोज वही लिहायची आहे : किती किलोमीटर, किती पेट्रोल, किती पाणी, काय बिघडले, कशाने सुधारले. उस्तादांची भाषा माळवी हिंदी, वहीची भाषा मराठी. या वह्या जपून ठेवल्या जातील.

माळवा, ग्वाल्हेर आणि खानदेशातील वाचकांना एक विनंती करून हा वृत्तान्त संपवितो. आपल्या घरातील वृद्धांना या रस्त्याविषयी विचारावे : डाकबंगला कोठे होता, पूल होण्यापूर्वी नदी कशी ओलांडीत, रस्त्याकडेची कोणती झाडे त्यांना आठवतात, पहिली मोटार गावात केव्हा आली. जे समजेल ते गावाच्या नावासह संपादकांकडे कळवावे. आमच्या नकाशावर लाल शाईने काढलेल्या रेषेत अजून पुष्कळ जागा रिकाम्या आहेत आणि त्या भरून देणारी माणसे, उस्तादांप्रमाणेच, फार दिवस थांबणारी नाहीत.